नाला एक, धनी अनेक

२७ जुलै २०२४ रोजी संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी त्यात प्राणास मुकले. महाराष्ट्रातील अनेक मुले याच राजेंद्रनगर-करोलबाग परिसरात भाड्याच्या खोलीत वर्षे काढतात. त्यामुळे राजधानीतील मराठी समाजाला ही बातमी परक्याची वाटली नाही. साठवणुकीसाठी परवानगी असलेल्या तळघरात वाचनालय चालत होते, हा गुन्ह्याचा एक भाग झाला. पण त्याहून गंभीर बाब पुढे दिल्ली उच्च न्यायालयात उघड झाली. पाच कोटी रुपयांवरील कोणत्याही कामाला तेव्हा स्थायी समितीची मंजुरी आवश्यक होती आणि अशी समितीच अस्तित्वात नव्हती! महापौर निवडून येऊन सतरा महिने लोटले होते, तरी देशाच्या राजधानीतील महापालिकेची तिजोरी उघडणारी किल्ली कोणाच्याच हाती नव्हती.

हा केवळ एका पक्षाचा नाकर्तेपणा की एका अधिकाऱ्याची हलगर्जी, यावर वाहिन्यांवरून पुष्कळ वाद झडला. परंतु ज्याला मतदार निवडून देतो त्याच्या हाती अधिकार नाहीत आणि ज्याच्या हाती अधिकार आहेत त्याला मतदाराला जाब द्यावा लागत नाही, हे दिल्लीच्या नागरी व्यवस्थेचे मूळ दुखणे आहे. ते अपघाताने जडलेले नसून कायद्यानेच घडवलेले आहे.

दिल्लीचे क्षेत्रफळ सुमारे १,४८३ चौरस किलोमीटर. त्यातील बहुतांश भाग दिल्ली महापालिकेकडे, मंत्रालये आणि दूतावास असलेला लहानसा भाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे आणि छावणीचा भाग लष्करी छावणी मंडळाकडे आहे. जमीन दिल्ली विकास प्राधिकरणाची आणि त्याचे अध्यक्ष नायब राज्यपाल. पोलिस केंद्रीय गृह मंत्रालयाचे. पाणी दिल्ली जल मंडळाचे. साठ फूट वा त्याहून रुंद रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर त्याहून अरुंद रस्ते महापालिकेकडे. गल्लीतील गटार महापालिकेचे, ते ज्या हमरस्त्याच्या नाल्याला मिळते तो बांधकाम विभागाचा आणि तो नाला ज्या नजफगढ नाल्याला जाऊन मिळतो तो पाटबंधारे व पूर नियंत्रण विभागाचा. पाणी मात्र खाते विचारून वाहत नाही. सरोजिनीनगरातील सरकारी सदनिका सोडून रामकृष्णपुरमला राहावयास जाणारा अधिकारी जेमतेम काही किलोमीटर सरकतो. पण त्याची नगरपालिका बदलते आणि तिच्याशी त्याचे नातेही. पहिल्या ठिकाणी केंद्राने नेमलेल्या अध्यक्षाचे राज्य असते, दुसऱ्या ठिकाणी तो नगरसेवक निवडतो.

आरंभी चित्र असे नव्हते. १९५६ मध्ये दिल्लीची विधानसभा रद्द झाल्यावर लोकनियुक्त कारभाराची पोकळी भरून काढण्यासाठी १९५७ चा महापालिका कायदा झाला आणि १९५८ मध्ये महापालिका स्थापन होऊन अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या. त्या कायद्यानुसार वीज, बससेवा आणि पाणीपुरवठा या तिन्हींसाठी महापालिकेच्या स्वतंत्र समित्या होत्या. पुढे बससेवा १९७१ मध्ये गेली, विधानसभा परत आल्यानंतर नव्वदच्या दशकात वीज, पाणी आणि अग्निशमन दल हातचे गेले. विरोधाभास असा, की याच दशकात, १९९३ मध्ये, नागरी स्वराज्य संस्थांना अठरा विषय सोपवण्याची दिशा दाखवणारी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती. देश महापालिकांना अधिकार देण्याची भाषा बोलत असताना राजधानीतील महापालिकेचे अंग एकेक करून गळत होते.

उरलेल्या अधिकारांचीही मोडतोड झाली. २०१२ मध्ये शीला दीक्षित सरकारच्या पुढाकाराने महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन तुकडे झाले. सुखवस्तू वसाहतींचे उत्पन्न दक्षिणेकडे गेले आणि पूर्वेला कचरा व तोटा आला. पगार थकल्याने तेथील सफाई कामगारांना वारंवार संपावर जावे लागले. २०२२ मध्ये संसदेने कायदा करून तिन्ही पुन्हा एकत्र केल्या, प्रभाग २७२ वरून २५० वर आणले आणि कायद्यातील 'सरकार' या शब्दाच्या जागी 'केंद्र सरकार' असे घातले. एप्रिलमध्ये अपेक्षित असलेली निवडणूक डिसेंबरवर गेली. फाळणी असो वा विलीनीकरण, दोन्ही वेळा मुहूर्त निवडणुकीच्या तोंडावरच सापडला, हा योगायोग मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या रचनेत महापौराचे स्थान शोभेचे. कार्यकारी अधिकार केंद्राने नेमलेल्या आयुक्ताकडे आणि महापौराची मुदत अवघी एक वर्ष. महाराष्ट्रात ती अडीच वर्षे आहे. तेथेही महापौर दुबळाच, कारण मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने रुजवलेली आयुक्तप्रधान पद्धतच सर्वत्र पसरली. तथापि, आयुक्ताला लगाम घालणारी स्थायी समिती हे त्या पद्धतीचे दुसरे चाक आहे. दिल्लीत तेच निखळले. नामनियुक्त सदस्यांच्या मताधिकारावरून महापौराची निवडणूक तीनदा फसली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या निवडणुकीत मत नाही असा निर्वाळा दिल्यावर २२ फेब्रुवारी २०२३ रोजी आम आदमी पक्षाच्या शैली ओबेरॉय निवडून आल्या. त्यांनी पराभूत केलेल्या रेखा गुप्ता दोन वर्षांनी दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या! हे दहा सदस्य मंत्रिमंडळाच्या सल्ल्याविना नेमण्याचा नायब राज्यपालांचा अधिकार न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी मान्य केला. प्रभाग समित्यांत या सदस्यांना मत असल्याने स्थायी समितीवरील बहुमताचे गणित त्यांच्यावर अवलंबून होते. अखेर समिती कार्यान्वित झाली ती जून २०२५ मध्ये.

या रस्सीखेचीची किंमत कोणी मोजली? महापालिकेच्या मुदतीतील तिसऱ्या वर्षी महापौरपद अनुसूचित जातीसाठी राखीव असते. एप्रिल २०२४ मध्ये व्हावयाची ती निवडणूक पीठासीन अधिकाऱ्याच्या नियुक्तीवरून रखडली आणि नोव्हेंबरात झाली. महेश खिची तीन मतांनी विजयी झाले. त्यांच्या वाट्याला वर्षाऐवजी जेमतेम पाच महिने आले. आरक्षण कागदावर शाबूत राहिले, काळ मात्र कापला गेला.

२०२५ मध्ये विधानसभा आणि त्यापाठोपाठ महापौरपद भाजपकडे गेल्याने केंद्र, राज्य आणि महापालिका एका पक्षाच्या हाती आल्या. आता भांडण मिटले, असा दावा केला जातो. भांडण मिटणे आणि जबाबदारी ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पक्षाच्या शिस्तीवर चालणारा समन्वय पुढच्या निकालापर्यंतच टिकतो; कायद्याने ठरलेला समन्वय सरकारे बदलली तरी उरतो. शिवाय महापालिका आणि दिल्ली सरकार हे दोन्ही आम आदमी पक्षाकडे असतानाच राजेंद्रनगरची दुर्घटना घडली होती, हे विसरता येत नाही.

उपाय अवघड नाहीत, केवळ गैरसोयीचे आहेत. महापौराला पूर्ण मुदत आणि आयुक्ताच्या नेमणुकीत मत; ठरावीक दिवसांत स्थायी समिती न झाल्यास आपोआप लागू होणारी पर्यायी व्यवस्था; आणि उगमापासून यमुनेपर्यंत प्रत्येक नाल्याचा एकच धनी. यांतील प्रत्येक सुधारणेत कोणाला तरी अधिकार सोडावा लागेल. अडसर तेवढाच आहे. महाराष्ट्रानेही दिल्लीकडे बोट दाखवताना जपून असावे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीसाठी जानेवारी २०२६ उजाडावा लागला. तोवर देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या सहीवर चालली. दिल्लीत निवडून दिलेल्यांना अधिकार नव्हते, तर मुंबईत अधिकार असूनही निवडून दिलेले कोणी नव्हते. पावसाळा मात्र दोन्ही शहरांत वेळेवर येत राहिला.