वानगी एक, माल दुसरा

पेडणे व डिचोली भागांतील आपल्या पेढ्यांचीही आता संकेतस्थळे होऊ लागली आहेत. गिऱ्हाईक तेथे भाव पाहते, मागणी नोंदविते, आणि काही ठिकाणी ‘आमच्या मालाचे छायाचित्र अमुक दुव्यावर आहे, ते घ्यावे’ असेही कळवू शकते. ही शेवटची सोय निरुपद्रवी दिसते. आमच्या मते सर्वांत अधिक सावधगिरी तिच्याविषयीच हवी.

कारण ते छायाचित्र आणावयास गिऱ्हाईक जात नाही, आपला सर्व्हर जातो. परक्याने चिठ्ठी दिली आणि आपला दिवाणजी ती घेऊन निघाला, तसे हे आहे. चिठ्ठीवर म्हापशाच्या दुकानाचा पत्ता असेल तर ठीक. परंतु आपल्याच वखारीच्या आतल्या खोलीचा असेल तर? राखणदार परक्यास अडवील, दिवाणजीस अडविणार नाही. तिजोरीतील कागद दिवाणजीच त्या परक्याच्या हाती आणून देईल. जाणकार यास ‘सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी’ म्हणतात.

अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेत २०१९ साली हेच घडले. बँकेचे सर्व्हर ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेले होते. अशा सर्व्हरला १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. बाहेरच्यास तेथे जाता येत नाही. म्हणून बँकेच्याच यंत्रणेस तेथे धाडण्यात आले, आणि अमेरिकेतील सुमारे १० कोटी व कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. चोर पकडला गेला, तथापि २०२० साली नियामकाने बँकेसही ८ कोटी डॉलर दंड केला. आपल्या धर्माने प्रमाद हाही दोष मानिला आहे. त्या नियामकाने जैन ग्रंथ वाचले नसतील, पण न्याय तोच लावला! पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथील रीत निराळी होती, बनावट यंत्रणाच बँकेच्या नावे होकार देत होती. आतून आलेल्या शब्दावरचा आंधळा विश्वास मात्र दोन्हीकडे एकच.

‘आम्ही पत्ता तपासूनच सर्व्हरला पाठवितो,’ असे संकेतस्थळ बांधणारे सांगतात. येथेच दुसरी मेख आहे. नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची वही म्हणजे डीएनएस. तीत आपल्या नावापुढे काय लिहावे, हे त्या नावाच्या मालकाच्या हाती. तपासणीच्या वेळी तो बाहेरचा साधा पत्ता दाखवितो. क्षणभराने सर्व्हर निघताना पुन्हा विचारतो, तेव्हा त्याच नावापुढे १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचे स्वतःचेच घर, लिहिलेले असते! यास डीएनएस रिबाइंडिंग म्हणतात. धान्याच्या व्यापाऱ्यास यात नवल ते काय? वानगीत जुना तांदूळ आणि पोत्यांत कणी, हा खेळ आम्ही उभ्या हयातीत पाहत आलो. जे पोते तपासले तेच गाडीत चढले पाहिजे. तसेच नावाचा पत्ता एकदाच विचारावा, तो आतला नाही हे पाहावे, आणि पुन्हा न विचारता त्याच पत्त्यावर जावे. वाटेत कोणी दुसरीकडे पाठविले, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून. त्याहून बरे म्हणजे ठराविक ठिकाणांची यादी ठेवावी; गरज नसेल तर ती सोयच काढून टाकावी.

पेढीतील कॅमेरे, छपाईयंत्र व राउटर ‘आतलेच आहेत’ म्हणून परवलीच्या शब्दावाचून ठेवण्याची चालही सोडावी. रिबाइंडिंगने आपल्या संगणकावरचा ब्राउझरही असाच परक्याचा दिवाणजी होतो.

गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक व उधारीची खाती आपल्यापाशी विश्वासाने ठेविलेली आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. संघाने सर्व सभासदांच्या संकेतस्थळांची एकत्रित तपासणी एखाद्या जाणकाराकडून करवावी, अशी आमची सूचना आहे. खर्च पेढीगणिक वाटल्यास कोणासही जड जाणार नाही.