दिसतंय बरोबर, पण काढलंय चूक

"आजी, दिसतंय बरोबर, पण काढलंय चूक!"

सिंगापूरहून नात माझी वही तपासत होती, व्हिडिओ कॉलवर. ती तिथे शाळेत दुसरी भाषा म्हणून चिनी शिकते आणि गेल्या दिवाळीपासून तिच्या मागोमाग मीही. (हो, ह्या वयात! दुखतात ते गुडघे, हात नाही.) अक्षर होतं 'तोंड' ह्या अर्थाचं, दिसायला नुसता चौकोन. मी आपला चार रेघांत काढला. पण चिनी हिशेबात त्या रेघा तीनच. आधी डावीकडची उभी, मग वरची आडवी तशीच कोपऱ्यात वळवून खाली आणायची, ही सगळी मिळून एकच, आणि शेवटी तळ. कोशात अक्षरं रेघा मोजूनही शोधतात. मी चार रेघांच्या यादीत शोधत बसले असते तर जन्मात 'तोंड' सापडलं नसतं.

नियम तसे थोडे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर. चौकटीचं अक्षर असेल तर आधी माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं. 'देश' ह्या अक्षरात तीन बाजूंची चौकट, आत 'रत्न', आणि तळाची रेघ सगळ्यात शेवटी. एकूण आठ रेघा.

हात कुठून कसा फिरला हे कागदावर कुठे दिसतंय, असं मला वाटायचं. पण दिसतं. भरभर लिहिताना लेखणी पुरती उचलली जात नाही, एका रेघेचं शेपूट पुढचीला जोडलं जातं. क्रम वेगळा असेल तर जोड भलतीकडे पडतो आणि वाचणारा अडखळतो. फोनवर तर रेघांनी टाइप करायची एक सोय आहे. आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, टिंब आणि वळणाची, अशा पाच कळा. त्या क्रमानं दाबल्या नाहीत तर हवं ते अक्षर समोर येतच नाही.

हे सगळं मला फार पटलं. पटणारच! जन्मभर दुसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घातलेली बाई मी. आणि इथेच मला एक मुलगा आठवला.

तो आधी ओळभर शिरोरेषा ओढायचा आणि मग तिला एकेक अक्षर अडकवायचा, वलणीवर कपडे वाळत घालावेत तसं. अक्षर सुरेख, ओळ सरळ. पण आम्ही शिकवायचो ते आधी अक्षर, मग वरची रेघ. मी त्याचे गुण कापले. एकदा पानभर पुन्हा लिहायला लावलं, वर सगळ्यांसमोर वही उंच धरून "हे असं लिहायचं नसतं" म्हणाले. त्यानंतर तो एक शब्द लिहायचा आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा. त्याचा पेपर पुरा झाल्याचं मला आठवत नाही.

आता गंमत बघा. गंमत कसली! माझे आजोबा जमाखर्च मोडीत लिहायचे. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा आखून घेतात आणि मग त्यांच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. म्हणजे पेशवे दफ्तरातले कारकून जे करत होते, त्यासाठी मी एका सात वर्षांच्या पोराचे गुण कापले. आणि आजोबांच्या वह्या आमच्या घरातच होत्या हो!

चिनी अक्षरांतही एकच एक क्रम नाही. 'राजा' म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. चीनमध्ये दोन आडव्या काढून मग उभी काढतात, जपानमध्ये एका आडवीनंतर लगेच उभी. 'शेत' काढताना चौकटीतली आडवी आधी की उभी, ह्यावरही दोघांचं जमत नाही. चीननं १९९७ साली सात हजार अक्षरांचा क्रम ठरवून दिला, पुढे २०२० च्या नियमावलीत ८१०५ अक्षरांचा. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं १९५८ साली क्रम शिकवण्याची पुस्तिका काढली, आणि तिच्यातच सांगून ठेवलं की इथे न दिलेले क्रम चूक आहेत असं आमचं म्हणणं नाही. मला ते वाचून खाली बसावंसं वाटलं. (तरी जपानच्या कांजी केंतेई परीक्षेच्या खालच्या पातळ्यांवर क्रमाचे प्रश्न असतातच. परीक्षा घेणारे सगळीकडे सारखेच.)

माझं मत म्हणाल तर क्रम शिकवावा, अगदी पहिल्या दिवसापासून, हात धरून, कंटाळा येईपर्यंत. हाताला लागलेलं वळण नंतर सुटत नाही आणि भरभर लिहायची वेळ आली की त्याचाच उपयोग होतो. "मुलांना हवं तसं काढू द्या" म्हणणाऱ्यांनी एकदा मी काढलेला चिनी 'देश' बघावा, खिडकी निखळल्यासारखा दिसतो. पण वाचता येणाऱ्या अक्षराचे गुण कापू नयेत. डावखुऱ्या पोरांचे तर नाहीच नाही, हे सगळे क्रम उजव्या हाताच्या सोयीनं ठरलेले आहेत.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे आहे ठाऊक नाही.

येत्या रविवारी कॅमेऱ्यासमोर 'शेत' काढणार आहे, मुद्दाम जपानी पद्धतीनं. बघू या आमच्या बाई काय म्हणतात!