चिपाडाचा कोळसा, काळी वाळू आणि हायड्रोजन

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. तेव्हापासून गटसभांतून सभासद बंधू आम्हाला विचारतात, "साहेब, पाण्यातून हायड्रोजन काढायला चिपाडाचा कोळसा लागतो म्हणे. मग आपण बगॅस बॉयलरात कशाला जाळायचा?" असल्या उद्योगासाठी भागभांडवल मागायला उद्या कुणी दारात आलंच, तर सही करण्यापूर्वी एवढे वाचावे.

पाण्यात वीज सोडली की एका ध्रुवावर हायड्रोजन सुटतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. काम कमी विजेत व्हावे म्हणून ध्रुवांवर उत्प्रेरक लावतात. आम्लधर्मी पडद्याच्या नव्या यंत्रांत तो हायड्रोजनच्या बाजूस प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूस इरिडियम असतो. (निकेलवर चालणारी जुनी क्षारधर्मी यंत्रे वेगळी, त्यांना हे महाग धातू लागत नाहीत.) इरिडियम साऱ्या जगात वर्षाला जेमतेम ७-८ टन निघते. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण स्वस्त पदार्थावर पसरून बसवतात. हा पदार्थ म्हणजे आधार. आपल्या जिवाणू खताची पुडी काळी का असते? जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, ते लिग्नाइटच्या भुकटीवर बसवलेले असतात. तसलाच प्रकार.

कोळशात बारीक छिद्रे असतात आणि नीट तयार केला तर तो वीजही वाहतो. हायड्रोजनच्या बाजूला तो उत्तम. चिपाडापासून असा कोळसा करता येतो, हे खोटे नाही. पण ऑक्सिजनच्या बाजूला तिथल्या विद्युतदाबाने त्याचा हळूहळू कार्बन डायऑक्साइड होतो आणि वरचा मोलाचा धातू सुटून जातो. मेढच कुजली तर मांडव उभा कसा राहील? तिथे टायटॅनियम ऑक्साइडसारखा आधार घेतात. तो टिकतो, पण वीज नीट वाहत नाही. मग त्यात नायोबियमसारखा धातू किंचित मिसळून पाहतात.

हे टायटॅनियम आपल्याला परके नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलेल्यांनी काळबादेवी, मिऱ्या भागात काळी वाळू पाहिली असेल. तिच्यात इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड व टायटॅनियम यांचे ऑक्साइड. सह्याद्रीचा काळा कातळ झिजून नद्यांनी नेलेला हा माल. तिथल्या समुद्रतळावरील इल्मेनाइटचा अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केला.

तरी आमचे मत स्पष्ट आहे. हायड्रोजनच्या नावावर रत्नागिरीचा किनारा खणू नये आणि आपले चिपाडही कुणाला बांधून देऊ नये. आधाराचा माल ग्रॅम-किलोत लागतो, गाड्या भरून नव्हे. टायटॅनियम ऑक्साइडचे मोठे गिऱ्हाईक रंगाचे कारखाने, आणि चिपाडाचे मोठे गिऱ्हाईक आपलाच बॉयलर.

खरा खर्च आहे विजेचा. किलोभर हायड्रोजनला ५० युनिटांवर वीज जाते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीमागे साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे सव्वादोनशे युनिट धरा. थळच्या खत कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. ऊसवाल्याचा हायड्रोजनशी संबंध येतो तो या गोणीच्या भावात.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला किंवा एखाद्या कॉलेजला प्रयोगासाठी पोतंभर चिपाड कारखान्याने खुशाल द्यावे. सभासदांचा पैसा मात्र देऊ नये. कुणी योजना घेऊन आलाच तर त्याला विचारा: कोळसा कोणत्या ध्रुवाला लावणार, किती तास चालवून पाहिला, आणि वीज कुठली? उत्तरे कागदावर घ्या आणि तो कागद शेती ऑफिसात आणून दाखवा.