भिवंडीच्या धोकादायक इमारती आणि आमचे तरुण

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांसकट कोसळली. सुमारे ४० जीव गेले. त्यांत लहान मुले होती. इमारत १९८४ सालची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५ अ सांगते की, इमारतीला ३० वर्षे झाली की मालकाने किंवा रहिवाशाने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तिची तपासणी करून घ्यावी. जिलानीची ३० वर्षे २०१४ सालीच भरली होती. दुर्घटनेनंतर पालिकेने सांगितले, आम्ही नोटीस दिली होती. दिली असेल! पण नोटीस घेऊन माणसाने झोपायला जायचे कुठे?

मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तरीही २९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडी तालुक्यातील वळपाडा येथे वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडली आणि ८ जण गेले. तिथे खाली गोदाम आणि वर कामगारांचे संसार होते. भिवंडीत हे चित्र नवे नाही. तळमजल्यावर यंत्रमागांचा खडखडाट आणि त्याच्याच डोक्यावर पाळणा, अशा कितीतरी जागा आम्ही पाहिल्या आहेत.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक वृद्ध यंत्रमाग कामगार धोकादायक इमारतीची नोटीस घेऊन आले. "वकीलसाहेब, घर सोडलं तर हक्क जाईल, नाही सोडलं तर जीव जाईल. काय करू?" त्यांनी हेवी डिपॉझिट देऊन खोली घेतली होती. कागद म्हणजे शंभर रुपयांचा स्टॅम्प, तोही नोंदणी न केलेला. आम्ही त्यांना कायदा सांगितला. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून खोली सोडण्यापूर्वी आपल्या ताब्यातील क्षेत्रफळाची मोजणी आणि नोंद पालिकेकडून करून घ्या, भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका सांभाळा. पण हेवी डिपॉझिटवाला भाडेकरू आहे की नुसता परवानाधारक, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालतो. आणि मुळात ती इमारत खरोखरच पाडण्याजोगी होती का, हे आम्ही त्यांना सांगू शकलो नाही. आम्ही कलम वाचू शकतो, कॉलम वाचू शकत नाही.

इथेच खरी मेख आहे. इमारतींची सी-१, सी-२ अ, सी-२ ब, सी-३ अशी प्रतवारी होते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडा. सी-२ ब म्हणजे माणसे आत राहूनही दुरुस्ती होऊ शकते. या दोन शिक्क्यांमध्ये शंभर कुटुंबांचे नशीब असते. ज्या मालकाला भूखंड मोकळा हवा त्याचा इंजिनीअर सी-१ लिहितो, आणि रहिवाशांनी वर्गणी काढून आणलेला इंजिनीअर सी-२ ब. दोन अहवाल भिडले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. ज्यांच्याकडे वर्गणीलाही पैसे नसतात त्यांच्या बाजूने दुसरा अहवालच नसतो. मग समिती तरी काय पाहणार?

आमच्या वस्तीत सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मुले घरोघर आहेत. ती ठाण्या-कल्याणच्या साइटवर तुटपुंज्या पगारावर सुपरवायझर आहेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मची वाट पाहत आहेत. त्यातला एक आमच्या कार्यालयात प्रतिज्ञापत्रासाठी आला होता. त्याला आम्ही त्याच वृद्धांच्या घरी नेले. त्याने छताचा गिलावा बोटाने ठोकला, पोकळ आवाज ऐकला, पोपडा काढला. आत सळई गंजून फुगली होती. तो म्हणाला, "गळती तशीच ठेवून वरून गिलावा मारलाय, सर. सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. याला रंग नाही, आधी टेकू पाहिजे." मग त्याने हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक, कोअर काढणे अशा चाचण्यांची नावे घेतली. इतके ज्ञान दारात असताना आम्ही परक्याच्या सहीवर अवलंबून!

अहवालावर सही करायला पदवी, अनुभव आणि पालिकेची नोंदणी लागते, हे खरे. पण पाहणी, मोजमाप, फोटो, दुरुस्तीवर देखरेख ही कामे पदविकाधारक करू शकतो, आणि पदवीधरही आपल्यात आहेतच. मग अडते कुठे? आमच्यात ठेकेदार हा शब्द शिवीसारखा झाला आहे. का, तेही ठाऊक आहे. आमच्या बापांनी ठेकेदाराच्या हाताखाली घमेली वाहिली, नाक्यावर उभे राहून रोज ठरवला आणि संध्याकाळी त्यातलाही कापून घेतला. तो राग खोटा नाही. परंतु त्या रागापायी आम्ही धंदाच त्यांच्या हाती सोडला.

नाक्यावरच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून हे मंडळ चालते, म्हणजे पैसा त्याच्याच घामाचा. पण बहुतेक ठेकेदार दाखला देत नाहीत, कारण दिला तर मजूर आपला म्हणून कबूल करावा लागतो. आपला मुलगा ठेकेदार असेल तर दाखला देईल ना? की तोही टाळेल? टाळला तर त्याला जाब विचारायला आम्ही आहोत.

सार्वजनिक बांधकाम खात्यात ठरावीक रकमेपर्यंतची कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरावीक प्रमाणात वाटली जातात. या वाटपात नाव आपले आणि काम दुसऱ्याचे, असा प्रकार सर्रास चालतो. टक्का घेऊन सही देणाऱ्या आपल्या काही मंडळींनाही हे लागू आहे, त्यांनी रागावू नये.

तो मुलगा आता दर रविवारी दोन मित्रांना घेऊन फिरतो. एकजण पदवीधर आहे, त्याच्या नोंदणीचा अर्ज आम्हीच भरून दिला. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी लागते. त्याआधी वस्तीतल्या सात इमारती पाहून व्हायच्या आहेत, आणि त्यात पहिली त्या वृद्धांची. तिथे टेकू लागले आहेत. अजून दोन कमी पडतात, त्यासाठी वर्गणी सुरू आहे.