नॉर्वेंतील मत्स्यशेती व नदीकांठचा शेतकरी

१९७० सालीं नॉर्वेंतील हित्रा बेटापाशीं दोघां भावांनीं जाळ्याच्या तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमन मासे पोसले. किनाऱ्यावरील शेतकऱ्यांस तो उत्तम जोडधंदा होता. १९९१ सालीं मालकीचे निर्बंध सैल होऊन तो बव्हंशीं बड्या कंपन्यांकडे गेला. आज वार्षिक उत्पन्न सुमारें १५ लक्ष टन आहे. परंतु पिंजऱ्यांच्या दाटीनें माजलेल्या सागरी उवा नदींत जन्मलेल्या पिलांनाही समुद्रावर जातांना गांठतात. तेथें नदींतील मासेमारीचा हक्क कांठच्या जमीनमालकाचा असतो. २०२४ सालीं फारच थोडे मासे परतल्यानें सरकारनें ३३ नद्यांतील सॅमनची मासेमारी ऐन हंगामांत बंद केली. उवा हें एकमेव कारण नव्हे, हें खरें. तथापि यापुढील परवाने बंदिस्त टाक्यांपुरतेच द्यावेत, असें आमचें मत आहे. टाक्या महाग पडतात. पण सध्यांचें नुकसान कंपन्यांच्या खतावणींत चढतच नाहीं, तें हंगाम बुडालेला शेतकरी सोसतो.