विश्लेषण : कान उघडे ठेवणारे इअरबड किती सुरक्षित?

कानात घट्ट बसणाऱ्या इअरबडला पर्याय म्हणून ‘ओपन-इअर’ प्रकार रुळू लागला आहे. सोनीने २०२२ मध्ये मधोमध भोक असलेले ‘लिंकबड्स’ आणले. २०२४ मध्ये बोसने कानाच्या कडेला बुगडीसारखे अडकणारे इअरबड बाजारात आणले, अमेरिकेत किंमत २९९ डॉलर.

फायदा काय?

कानाची नळी मोकळी राहते. त्यामुळे सकाळी रस्त्याच्या कडेने धावणाऱ्याला मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, कार्यालयात कुणी हाक मारली तर कळते. घामट हवेत तासन् तास कान बंद राहत नाही, हेही थोडके नाही.

मग अडचण कुठे?

साध्या इअरबडची सिलिकॉनची टोपी कान बंद करते, म्हणून ढोलकीचा ठेका भरदार वाटतो. इथे ती नाही, त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज बाहेरच विरतो. मोठा स्पीकर बसवून कंपन्या ही उणीव काहीशी भरून काढतात, पण पूर्ण नाही. आवाज वाढवला की शेजाऱ्यालाही थोडाफार ऐकू जातो.

खरा धोका मात्र वेगळा आहे. गर्दीच्या लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट थेट कानात शिरतो आणि गाणे ऐकू यावे म्हणून हात आपसूक आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा जेमतेम ४ तास. म्हणजे सुरक्षित म्हणून घेतलेले उपकरण गोंगाटात कानाला अधिक घातक ठरू शकते. अशा प्रवासात बाहेरचा आवाज अडवणारे इअरबड मंद आवाजात वापरणे अधिक शहाणपणाचे.

हाडातून ऐकवणारे हेडफोन?

ते गालाच्या हाडातून कंपने थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचवतात. कानाचा पडदा वगळला जातो, म्हणून ते निर्धोक, हा समज चुकीचा आहे. इजा होते ती अंतर्कर्णातल्या केसासारख्या पेशींना, आणि आवाज कुठल्याही वाटेने आला तरी तो तिथेच पोहोचतो. या पेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

दुचाकीस्वारांनी तर या ‘मोकळ्या कानां’वर विसंबू नये. हॉर्न कानावर पडला, तरी फोनवरच्या बोलण्यात गुंतलेले लक्ष रस्त्यावर नसतेच.