सोसायटीत कॉम्प्युटर आला, पण तो अडला तर विचारायचं कोणाला?

कसाल : "आज सर्व्हर डाऊन आसा, उद्या येवा." हे वाक्य आता आपल्याकडे कोणाला नवीन नाही. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, खताच्या मशीनवर बिल निघत नाही, सेवा केंद्रात दाखला अडकतो. आता विकास सोसायटीचा कारभारही कॉम्प्युटरवर जातो आहे. म्हणजे हेच वाक्य पीक कर्जाच्या टेबलावरही ऐकावं लागणार. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांचा राहिला नाही. ज्याचं सोसायटीत खातं आहे त्या प्रत्येकाचा तो झाला आहे.

प्रश्न साधा आहे. सोसायटीचं सॉफ्टवेअर बाहेरची कंपनी सांभाळणार, माहिती दूर कुठल्या तरी सर्व्हरवर राहणार. हे चांगलं की वाईट? माझ्या मते चांगलंच आहे. पण त्याला एक अट आहे आणि त्या अटीबद्दल कोणी बोलत नाही. काम बाहेर गेलं तरी त्याची समज गावात राहिली पाहिजे.

योजना काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्था, म्हणजे आपल्या विकास सोसायट्या, कॉम्प्युटरवर आणण्याच्या योजनेला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटी रुपये ठरले. हिशेब केला तर एका सोसायटीमागे साधारण ४ लाख रुपये होतात. पुढे सोसायट्यांचा आकडा आणखी वाढवण्यात आला. अंमलबजावणीचं काम नाबार्डकडे आहे. संपूर्ण देशासाठी एकच सॉफ्टवेअर, स्थानिक भाषेत, आणि सगळ्यांच्या हिशेबाची पद्धत एकसारखी, असं त्याचं स्वरूप आहे.

त्याच्या जोडीला २ फेब्रुवारी २०२३ रोजी आणखी एक करार झाला. त्यानुसार सोसायट्यांना सीएससी केंद्राच्या ३०० हून जास्त सेवा देता येतात. म्हणजे उद्या कर्ज, खत आणि दाखल्याचा अर्ज हे सगळं एकाच टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर होऊ शकतं. सोय मोठी आहे. पण तो एक कॉम्प्युटर बसला की या तिन्ही गोष्टी एकदम बसतात, हेही लक्षात घ्या.

बाहेरची मदत का लागते?

काही जण म्हणतात, "आमची वही बरी होती." वही बरी होती, पण ती एकाच माणसाला कळायची. सचिव बदलला की नव्या सचिवाचे सहा महिने जुन्या नोंदी लावण्यात जायचे. लेखापरीक्षणात फरक निघाला तर तो कोणत्या सालातला हे शोधायला पोती सोडावी लागायची. सभासदाला स्वतःच्या खात्यावर मुद्दल किती आणि व्याज किती हे विचारायलाही सचिवाचा मूड बघावा लागायचा.

मग प्रत्येक सोसायटीने स्वतःचा इंजिनिअर ठेवावा का? ते कोणालाच परवडणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांना सचिवाचा पगार काढताना नाकी नऊ येतात. म्हणून हजारो सोसायट्यांनी मिळून एकच सॉफ्टवेअर वापरायचं आणि ते सांभाळायला जाणकार कंपनी ठेवायची, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. गावात दहा जणांनी दहा पॉवर टिलर घेण्यापेक्षा एक भाड्याने आणणं परवडतं, तसंच हे.

आणि सगळं आपल्याच ताब्यात ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, राज्यातली नावाजलेली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला आणि बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले. पुढे दोन दिवसांनी परदेशी व्यवहाराच्या यंत्रणेतून हाँगकाँगला रक्कम वळवली. एकूण ९४ कोटींना फटका बसला. एवढ्या मोठ्या बँकेवर ही पाळी येते, तर एखाद्या गावच्या सोसायटीने एकटीने चोरांशी लढावं ही अपेक्षाच चुकीची.

याच कारणाने नागरी सहकारी बँकांनीही एकत्र येऊन शिखर संस्था उभी केली. २ मार्च २०२४ रोजी दिल्लीत तिचं उद्घाटन झालं. देशातल्या सुमारे दीड हजार नागरी बँकांना तंत्रज्ञान आणि सल्ला सामायिक मिळावा हा तिचा एक मुख्य हेतू आहे.

पण बाहेरचा अडला, तर आपणही अडतो

आता दुसरी बाजू बघूया. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशातल्या अनेक लहान सहकारी बँका आणि ग्रामीण बँकांना सॉफ्टवेअर सेवा देते. स्टेट बँक आणि टीसीएस यांची ती भागीदारीतली कंपनी, म्हणजे काही ऐरीगैरी नव्हे. जुलै २०२४ च्या शेवटी तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्याच फायलींना कुलूप लावून चावीसाठी खंडणी मागणारा व्हायरस. ३१ जुलैला एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, खबरदारी म्हणून या कंपनीची जोडणी तोडली. बातम्यांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्यामुळे अडले. तपासणी करून दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पुन्हा सुरू झाली.

क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार चोर थेट मोठ्या दरवाजाने आले नव्हते. सी-एजसोबत काम करणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये सेटिंग चुकीचं राहिलं होतं, तिथून ते आत शिरले. म्हणजे बँकेने काम दिलं एकाला, त्याचा संबंध दुसऱ्याशी, आणि चूक झाली तिसऱ्याच जागी. गावातल्या ग्राहकाला मात्र एवढंच दिसलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

त्याच महिन्यात, १९ जुलैला, जगभर आणखी मोठा गोंधळ झाला होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यात आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कंपनीला चूक लवकर कळली, दुरुस्त अपडेटही निघालं. पण बंद पडलेले कॉम्प्युटर सुरूच होत नव्हते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष त्या कॉम्प्युटरसमोर बसून, सांगितल्याप्रमाणे एक फाईल काढून टाकावी लागली. ज्यांच्याकडे असं करणारं कोणीतरी जागेवर होतं, ते लवकर सुटले. बाकीचे वाट बघत बसले.

आपल्याकडची अडचण यापेक्षा लहान असते

आपल्याकडे रोज व्हायरस येत नाही. रोज येतात त्या किरकोळ अडचणी. यूपीएसची बॅटरी उतरलेली असते. पावसाळ्यात वीज दहादा जाते-येते, राऊटर अडकतो. प्रिंटरमध्ये कागद अडकतो. पासवर्डची मुदत संपते. काजूच्या बोंडांचं काम करून हात सोललेले असतात, मग अंगठा लागत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींना कंपनीचा माणूस लागतच नाही. पण "हात लावला आणि बिघडलं तर?" या भीतीने कोणी पुढे होत नाही. तक्रार नोंदवली जाते, तिचा नंबर मिळतो आणि टेबलासमोर रांग उभी राहते.

कसालच्या बाजारातही हेच चित्र आहे. मुंबई-गोवा महामार्ग आणि मालवणचा रस्ता इथे मिळतो, त्यामुळे दुकानं बरीच. आता मेडिकल, कृषी सेवा केंद्र, हार्डवेअरवाले, काजूचे व्यापारी बिलं कॉम्प्युटरवर करतात. जीएसटीचं काम एकाकडे, बिलाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, कॉम्प्युटर दुरुस्तीला तिसरा. काही बिघडलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यात बॅकअप, म्हणजे नोंदींची दुसरी प्रत, कुठे ठेवली हे बऱ्याचदा मालकालाच माहीत नसतं.

नुकसान कोणाचं होतं?

हे सगळं वेळेच्या खोळंब्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण पीक कर्जाला मुदत असते. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची मिळून व्याजात एवढी सवलत मिळते की शेतकऱ्याच्या अंगावर व्याज जवळजवळ पडतच नाही. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पैसे घेऊन गेलेल्या माणसाला "उद्या येवा" म्हटलं आणि त्याची कुठे नोंदच झाली नाही, तर उद्या तो थकबाकीदार ठरतो. सर्व्हर कोणाचा होता हे तेव्हा कोणी विचारत नाही.

मोठ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी आयटीची कामं बाहेर देण्याबाबत सविस्तर निर्देश काढले. त्यातलं मूळ तत्त्व असं की काम बाहेर दिलं म्हणून ग्राहकाप्रति बँकेची जबाबदारी कमी होत नाही. हे निर्देश आपल्या सोसायट्यांसाठी काढलेले नाहीत. पण तत्त्व घ्यायला कोणाची हरकत आहे? "कंपनीचा प्रॉब्लेम आसा" हे उत्तर सभासदाने मान्य करू नये.

मग करायचं काय?

पैसा फारसा लागणार नाही, अशा काही गोष्टी सुचवतो.

एक, अडचणींची वही ठेवा. कोणत्या तारखेला काय बिघडलं, पडद्यावर काय लिहून आलं, कोणी काय केल्यावर सुरू झालं, एवढं चार ओळीत लिहा. तीच अडचण दोन महिन्यांनी परत येते तेव्हा ही वही इंजिनिअरचं काम करते. सचिव बदलला तरी वही तिथेच राहते.

दोन, शेजारच्या सोसायट्यांनी ही माहिती एकमेकांना द्यावी. सॉफ्टवेअर सगळीकडे सारखंच आहे, म्हणजे अडचणीही सारख्याच. एका गावात सापडलेला उपाय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर दहा गावांचा खोळंबा वाचतो. फक्त त्या ग्रुपवर सभासदांची नावं, आधार नंबर किंवा खात्याचे फोटो टाकायचे नाहीत.

तीन, पाच-सहा सोसायट्यांनी मिळून गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ठराविक मानधनावर ठेवावं. प्रशिक्षण असेल तेव्हा सचिवासोबत त्यांनाही पाठवावं. मोठं काम कंपनी बघेल, पहिली तपासणी घरच्या माणसाने करावी.

चार, यंत्रणा बंद असताना काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांत दिवसेंदिवस ना वीज होती ना मोबाईलला रेंज. असा दिवस परत येणारच. त्यासाठी हाताने लिहायचं नोंदणी पुस्तक आणि छापील पावत्या तयार हव्यात. मुदतीच्या दिवसांत तर तारीख, वेळ आणि सहीसह पोच मिळालीच पाहिजे.

पाच, मदतीच्या नावाखाली होणारी फसवणूक ओळखा. खरा सपोर्टवालासुद्धा दुरून कॉम्प्युटर बघायला अ‍ॅप टाकायला सांगतो, आणि चोरही तेच सांगतो. फरक करायचा तर नियम एकच ठेवा. अडचण आली की आपण फोन करायचा, तोही कार्यालयात लिहून ठेवलेल्या नंबरवर. समोरून आपणहून "मी कंपनीतून बोलतोय" असा फोन आला तर काही टाकायचं नाही, ओटीपी द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

सभेत हे विचारा

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. दरवर्षी आपण लाभांश किती आणि चहासोबत काय एवढंच बघून परत येतो. यंदा अध्यक्षांना चार प्रश्न विचारा. कॉम्प्युटर बंद पडला तर दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येईल असं ठरलं आहे? जुन्या वह्यांवरून भरलेले आकडे सभासदांना दाखवून तपासून घेतले का? सचिव रजेवर असेल तर दुसऱ्या कोणाला सिस्टीम चालवता येते? आणि नेट बंद असलेल्या दिवशी भरलेल्या पैशांची पावती कशी मिळणार?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. त्यातला दुसरा प्रश्न तर सभेची वाट न बघता आजच विचारण्यासारखा आहे. वहीतला आकडा कॉम्प्युटरवर चढवताना एखादं शून्य चुकलं असेल तर ते कंपनीच्या लक्षात येणार नाही. ते फक्त तुम्हालाच कळेल, कारण कर्ज तुमचं आहे. सोसायटीत जा, खात्याचा उतारा मागा आणि घरातल्या जुन्या पावत्यांशी ताडून बघा.